मोहाचा वास लागलेली तंबाखू

रुख्मा राहांगडालेने उभ्या जन्मात एक बिडी ओढली नाही. पण तंबाखूची पुडी उघडल्याबरोबर ती कोणत्या मुलखातली, किती जुनी, वाटेत पावसाने भिजली की नाही, हे सांगणारी तिच्याइतकी पक्की बाई गोंदियात दुसरी नव्हती. गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हते. तिला स्वतःलाच ते कळायला अठरा वर्षे आणि एक मोठा ताप लागला.

माहेर कामठ्याचे, सासर दवनीवाड्याचे. घरची धानाची जमीन दोन भावांना पुरेल एवढी नव्हती, म्हणून थोरला उदाराम शेतावर राहिला आणि धाकटा बकाराम बिडीच्या कारखान्यात लागला. त्याच्यामागे रुख्माही रेल्वेफाटकापलीकडे दोन खोल्यांत येऊन राहिली आणि गल्लीतल्या इतर बायकांसारखी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळू लागली. बकारामने आधी पोती उचलली, मग भैय्यालाल नावाच्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली तंबाखू मिसळायला शिकला. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी उस्ताद गेला आणि त्याची जागा बकारामला मिळाली.

ही जागा म्हणजे काय, ते बाहेरच्याला लवकर कळत नाही. तेंदूचे पान जंगलातून येते, बिड्या घरोघरी बायका वळतात, पण बिडीची चव सगळी एका माणसाच्या हातात असते. निपाणीची तंबाखू वासाची, गुजरातची कडक, आणि कोपऱ्यात ठेवलेली दोन पावसाळे पाहिलेली जुनी. तिन्ही किती घ्यायच्या हे कोठे लिहिलेले नसते. पोत्यापोत्यात फरक. आज जे माप चालले ते उद्याच्या पोत्याला चालत नाही. मिसळणारा मूठ भरतो, तळव्यावर चोळतो, नाकाशी नेतो आणि ठरवतो. म्हणून बकाराम मिसळणी होईपर्यंत चहा पीत नसे, कांद्याला शिवत नसे. आणि मिसळणीच्या खोलीत बाईने पाऊल टाकायचे नाही, असा उस्तादाच्याही आधीपासूनचा नियम होता. बायकांच्या डोक्याच्या तेलाचा वास मालाला लागतो, असे म्हणत.

रुख्माची दोन लेकरे लहानपणीच गेली होती. राहिली एक प्रेमिला. ती शाळेत हुशार निघाली, आणि इथूनच रुख्माच्या जिवाला घोर लागला. मुलगी तेरा वर्षांची झाल्यापासून दर सणाला दवनीवाड्याहून भासरे उदाराम येत, ओसरीवर बसत आणि कामठ्याच्या एका घरची गोष्ट काढत. घर चांगले होते, जमीन होती, मुलगा निर्व्यसनी होता. यात खोटे काही नव्हते, म्हणूनच रुख्माला भीती वाटे. बकारामने थोरल्या भावाला एकदाच उत्तर दिले होते, "दादा, माहा हात तंबाखूत हाये तवर पोरगी शिकन." त्या दिवसापासून रुख्माला नवऱ्याची जागा आणि मुलीची शाळा या दोन गोष्टी वेगळ्या दिसेनाशा झाल्या. एक गेली की दुसरी जाणार.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात शहरभर तापाची साथ आली. बकाराम नऊ दिवस अंथरुणात होता. उठला, अंगात ताकद आली, कामावर गेला. पंधरा दिवसांनी एका दुपारी रुख्मा नळावर गेली असता चुलीवरचा भात करपला. वास तिला गल्लीच्या तोंडाशी आला. धावत आली तर बकाराम चुलीपासून तीन हातांवर भिंतीला टेकून बसलेला, आणि घर धुराने भरलेले.

"भात जळून राहिला जी," ती म्हणाली.

त्याने चुलीकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याच्या डोळ्यांत तिला जे दिसले त्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. भांडे उतरवले, वरचा भात काढून घेतला, त्याला वाढला. जेवताना तो खाली मान घालून म्हणाला की तापापासून काहीच येत नाही. ना तंबाखूचा, ना फोडणीचा, ना मातीचा. पंधरा दिवस तो मापाच्या आठवणीवर मिसळत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उद्याच्या पोत्यांतली चिमूट चिमूट तंबाखू दुपट्ट्याच्या चार टोकांना बांधून घरी घेऊन आला. काही करावे म्हणून नव्हे, नुसताच घेऊन आला, जसा माणूस बिघडलेले घड्याळ घरी आणून समोर ठेवतो. रुख्माने एकेक गाठ सोडून नाकाशी नेली. ही दमट आहे, ही अजून हिरवी आहे, हिच्यात दम नाही, जुनी जास्त घाला, असे ती बोलून गेली आणि बोलता बोलता थांबली. अठरा वर्षे रोज तेच ती मांडीवर घेऊन बसली होती. आतापर्यंत कोणी विचारलेच नव्हते.

मग तसेच सुरू झाले. तिला मापे ठाऊक नव्हती, त्याला वास येत नव्हता. ती सांगे, तो सकाळी जाऊन मिसळे. प्रेमिलाच्या लक्षात हे पहिल्याच आठवड्यात आले, पण तीही आईसारखीच न विचारणारी होती. पावसाळा निघून गेला. बिडीला कोणी नाव ठेवले नाही.

त्या वर्षी मुलींच्या शाळेत शकुंतलाबाई नावाच्या नव्या इंग्रजीच्या बाई आल्या होत्या, नागपूरहून बी. ए. झालेल्या. त्यांची शिकवण्याची रीत निराळी. दिवाळीच्या सुटीसाठी त्यांनी प्रत्येक मुलीला एकेक क्रियापद वाटून दिले. त्याचा अर्थ लिहायचा, ते आले कोठून ते लिहायचे आणि तीन ठिकाणी वापरून दाखवायचे, त्यातला तिसरा वापर स्वतःच्या घरातला हवा. प्रेमिलाच्या वाट्याला 'ब्लेंड' आले. बाईंच्या जाड कोशातून तिने बरेच उतरवून आणले होते. एका संध्याकाळी रुख्मा दुपट्ट्याच्या गाठी सोडत असताना ती वही घेऊन ओसरीवर बसली.

ब्लेंड म्हणजे मिसळणे, तिने वाचून दाखवले.

"मंग मिक्स कायले म्हनते?" रुख्माने विचारले. मिक्स हा शब्द तिने दवाखान्यात ऐकला होता.

प्रेमिलाने सांगितले की मिक्स म्हणजे कसेही एकत्र करणे.

"तांदळात कनी मिसळली तं?"

"ते मिक्स. सुपात पाखडलं का कनी बाहीर."

"अन् पेजेत मीठ?"

प्रेमिलाने जरा विचार केला. "ते तं विरघळलं, माय. ब्लेंडमध्ये दोनीचा गुण राह्यते, पण कोनाचा कोठं, ते सांगता येत नाई. एकदा झालं का मंग वेगळं करता येत नाई."

चहावाले वेगवेगळ्या मळ्यांची पत्ती एकत्र करतात त्याला हाच शब्द, असे तिने पुढे वाचले. दोन रंगांची लोकर एका धाग्यात कातली तर हाच. गाण्यात दोन गळे एक झाले तरी हाच. बकाराम हातपाय धुऊन आला होता, तो पंच्याने तोंड पुसत ऐकत उभा राहिला. शब्द आला कोठून, त्याने विचारले. प्रेमिला म्हणाली, इंग्रजांचा तो बहुधा घरचा नव्हे. उत्तरेकडून समुद्रावरून होड्यांत बसून जे लोक लुटायला आले आणि मग तिथेच शेती करून राहिले, त्यांच्या बोलीतला. ते लोक भांड्यात दोन तऱ्हेची पेये ओतून ढवळत, त्यालाही असेच काहीसे म्हणत.

"बहुधा म्हंजे? इंग्रजायलेबी पक्कं मालूम नाई?"

"कोशातच तसं लिवलं हाये, बाबा."

बकाराम हसला. तापानंतर तो असा हसला नव्हता. म्हणाला की उस्तादालाही त्याने एकदा विचारले होते, ही मिसळणी पहिल्यांदा कोणी बसवली, तर उस्तादानेही अशीच मान हलवली होती. प्रेमिलाने लगेच पेन्सिल उचलली. तिसऱ्या वापरात, माझे वडील तंबाखू ब्लेंड करतात, असे लिहू का, म्हणून तिने विचारले. बकारामचे हसू गेले. त्याने रुख्माच्या मांडीवरच्या चार चिमटींकडे पाहिले.

"थांब, पोरी. आत्ताच नोको लिवू," तो म्हणाला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी कारखान्याचे मालक भैयाजी यांनी सगळ्या कामगारांसमोर बकारामला बोलावले. यंदाचा माल बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना फार आवडला होता. भैयाजींनी त्याच्या खांद्यावर किनारीचा नवा दुपट्टा घातला आणि म्हणाले, "नाक हो तो बकाराम जैसी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्याने तो दुपट्टा घडी न मोडता खुंटीवर ठेवला आणि त्या रात्री धड जेवला नाही. रुख्माला वाटले, दगदग असेल.

दिवाळी झाल्यावर तो नवा दुपट्टा घालून कामावर जाऊ लागला, आणि त्याच दिवसापासून संध्याकाळी टोकांना गाठी येईनात. पहिल्या दिवशी ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी विचारले. तो म्हणाला, आता हाताला समजते, चोळले की कळते. शिवाय नव्या कपड्याला डाग पडतात. तिला ते पटले नाही, पण तिला हेही कळले की हा माणूस त्या टाळ्या निदान एकदा तरी आपल्या हिमतीवर मिळवू पाहतो आहे. ती जोर करून बोलली असती तर पुढचे झाले नसते. हे तिने स्वतःशी नंतर कितीदा तरी म्हटले.

आता कारखान्याच्या गोदामाचे असे झाले होते की भादव्याच्या पावसात एका बाजूची कौले गळू लागली होती. भिजू नये म्हणून नव्या तंबाखूची काही पोती हमाल केवलरामने शेजारच्या गोदामात नेऊन लावली. त्याला तसे सांगितले होते, आणि त्याने ते नीट केले. त्या गोदामात सालेकशाकडून आलेला वाळला मोहा उन्हाळ्यापासून पडून होता. दमट हवेत मोहा घाम सोडतो, आणि तंबाखूसारखी दुसऱ्याचा वास ओढून घेणारी वस्तू नाही. ती पोती दिवाळीनंतर निघाली. तिथला उग्र गोड वास धडधाकट नाकाच्या कोणालाही दारातच आला असता. केवलरामलाही आला असेल, पण तो सालेकशाचा, मोहाच्या वासात वाढलेला. त्याला त्यात वावगे वाटण्यासारखे काय होते? आणि मिसळणाऱ्याला शिकवणारा हमाल अजून जन्माला यायचा होता.

चौथ्या दिवशी सकाळी सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा वाटपाचा ठेकेदार, सुखराम याने गल्लीत पान-तंबाखू वाटली. रुख्माने पुडी सोडली आणि तिला वाटले, शेजारी कोणी मोहाची भाजी टाकली असावी. तिने पुडी दूर सारली, श्वास घेतला, पुन्हा जवळ आणली. तेवढ्यात भिंतीपलीकडून दुर्पताचा आवाज आला.

"रुख्मा वो! आज तुह्या नवऱ्याच्या तंबाखूले चढली दिसते."

चार घरच्या बायका हसल्या. दुर्पताच्या मनात काही नव्हते, तिला फक्त गंमत वाटली होती. पण रुख्माला पुढचे सगळे दिसले. दुपारी या बायका बिड्या घेऊन कारखान्याच्या मागच्या दाराशी जाणार, तिथे हेच बोलणार, आणि संध्याकाळपर्यंत ते भैयाजींच्या कानावर पडणार. तिने सूप बाजूला ठेवले, पुडी पदरात बांधली आणि निघाली.

कारखाना फाटकाच्या अलीकडे, चालत पाव तासाच्या वाटेवर. तेवढ्या वेळात तिने सगळे जुळवले. मिसळताना माल चांगला होता, असे सांगायचे. मिसळल्यावर कोणीतरी तो मोहाजवळ ठेवला. तयार माल ठेवायचे काम हमालाचे. यात पूर्ण खोटे नाही, थोडेच आहे, असे तिने मनाला सांगितले. प्रेमिलाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, मांडीवर सूप घेतलेली प्रेमिला, कामठ्याच्या ओसरीवर पदर घेतलेली प्रेमिला. केवलरामच्या घरी कोण कोण आहे, हे तिने त्या वाटेवर आठवू दिले नाही.

मागच्या दाराशी तिने बकारामला बोलावून घेतले आणि पुडी त्याच्या हातावर सोडली. त्याने सवयीने नाकाशी नेली. मग तिच्याकडे पाहत राहिला.

"मोहा," ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. पुडीतली तंबाखू बोटांनी चाळत राहिला, जणू मोहा हाताला लागेल आणि वेचून बाहेर टाकता येईल. रुख्माने खाली वाकून वाटेत जुळवलेले सगळे त्याला हलक्या आवाजात सांगितले. त्याने ते ऐकून घेतले. "केवल्याची बायको परवाच बाळंत झाली," एवढेच तो म्हणाला आणि उठला.

भैयाजी समोरच्या ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. सुखराम तिथे आधीच येऊन पोचला होता आणि कोणाची चूक, याची चर्चा सुरू झाली होती. केवलराम खांबाआड उभा होता. पोती तिकडे ठेवायला कोणी सांगितले, असे भैयाजी त्याला विचारत होते, आणि ज्याने सांगितले होते तो मुनीम वहीत डोके घालून बसला होता. बकारामने खांद्यावरचा नवा दुपट्टा काढला, घडी केली आणि भैयाजींच्या समोर ठेवला.

"याचा कसूर नाई, भैयाजी. पोतं माह्या हातानं उघडलं. मले वास आला नाई. जेठापासून मले कायचाच वास येत नाई."

भैयाजींनी विचारले, "तो छह महीने से मेरा माल कौन मिला रहा था?"

बकारामने मागे वळून पाहिले. त्याच्यामागून आलेली रुख्मा दाराशी भिंतीला चिकटून उभी होती.

"हात माहे, नाक हिचं," तो म्हणाला. "चार दिवस हिले इचारलं नाई. त्याचं हे झालं."

सुखरामच्या तोंडून हसू फुटले. बायकांच्या नाकाला नथ पुरे, असे काहीसे तो पुटपुटला. भैयाजी हसले नाहीत. ते व्यापारी माणूस होते, आणि सहा महिन्यांचा माल चांगला गेला हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांनी केवलरामला गोदामात उरलेल्या अकराही पोत्यांतली चिमूट चिमूट परातीत मांडून आणायला सांगितले. मिसळणीच्या खोलीत ती येणार नव्हती, पण परात बाहेर यायला नियमाची आडकाठी नव्हती. रुख्मा ओसरीच्या कडेला बसली. पदर नाकावरून बाजूला केला आणि पहिली चिमूट उचलली. सात पोती तिने डावीकडे केली, चार उजवीकडे. उजवीकडच्यांतले एक दमट आहे, आज उघडू नका, असेही सांगितले. केवलरामने हळूच मान डोलावली. मोहाजवळच्या पोत्यांतली आता सातच उरली होती, आणि ती लावणारा तोच होता.

जे मिसळून गेले त्याचे काय, भैयाजींनी विचारले. त्यातून मोहा काढता येईल का?

"नाई निंघत जी," रुख्मा म्हणाली. तिला लेकीची वही आठवली, पण तिने ती गोष्ट काढली नाही. "एकदा झालं ते झालं. तीन दिवस कडक उन्हात पसरा. अर्धा वास जाईन. उरलेला राहीनच."

भैयाजींनी दुपट्ट्याकडे पाहिले, तो उचलला नाही, परतही दिला नाही. शेवटी मुनिमाला म्हणाले की वाळवलेला माल शहरात न देता सालेकशाच्या बाजाराला पाठव. मग बकारामकडे वळले, "कल से दोनों आओ. पंद्रह दिन देखूँगा."

बस्स, एवढेच. जागा राहिली असेही ते म्हणाले नाहीत आणि गेली असेही नाही. नवराबायको घरी निघाले. फाटक बंद होते, मालगाडी जाईपर्यंत दोघे उभे राहिले. डबे मोजल्यासारखे पाहत बकाराम म्हणाला, "दादा आले तं मी सांगतो. तू नोको बोलू."

पंधरा दिवसांचे पुढे काय झाले ते कोणी जाहीर केले नाही. कोणी थांबवले नाही, म्हणून ती दोघे जात राहिली. कारखान्याच्या वहीत मिसळणारा म्हणून नाव बकारामचेच राहिले. रुख्मा उंबऱ्याबाहेर गोणपाटावर बसे, डोक्याला तेल न लावता. सुखराम काही महिने तिच्याकडे न पाहता जाई. मग एका पावसाळ्यात तो स्वतःच एक पुडी घेऊन आला आणि हिला काय झाले आहे ते पाह्य वो, म्हणाला. सालेकशाच्या बाजाराची गोष्ट तर गल्लीत वर्षभर पुरली. तिथले लोक पुन्हा पुन्हा विचारत, ती मोहाच्या वासाची बिडी आता काऊन येत नाही?

उदाराम साठ सालापर्यंत दर सणाला येत राहिले. कामठ्याच्या त्या घरच्या मुलाचे लग्न होऊन गेले तेव्हा ते जरा रागावले, पण प्रेमिला मॅट्रिक झाली त्या उन्हाळ्यात पेढे त्यांनीच दवनीवाड्यात वाटले.

पण हे सगळे पुढचे. त्या दिवसानंतरच्या सकाळी रुख्माला धीर नव्हता. प्रेमिलाची शाळा उघडणार होती, आणि ती दाराशी बसून वहीतला तिसरा वापर लिहीत होती. माझे आईवडील तंबाखू ब्लेंड करतात, असे तिने इंग्रजीत लिहिले आणि वडिलांना वाचून दाखवले. आता लिहू नको, असे बकाराम म्हणाला नाही.

कारखान्यात भैयाजी अजून आले नव्हते. नवा दुपट्टा काल ठेवला तिथेच, ओसरीवर घडी केलेला पडला होता. बकारामने त्याच्याकडे पाहिले, मग तो उचलून आत गेला. जरा वेळाने बाहेर आला तेव्हा त्या किनारीच्या दुपट्ट्याच्या चारही टोकांना गाठी होत्या, आणि पांढऱ्या कापडावर तांबूस डाग उमटू लागले होते. त्याने तो उंबऱ्याच्या आतून रुख्माच्या हातात दिला.

"पाह्य," तो म्हणाला, आणि आत जाऊन मूठ भरायला बसला.